काकांचा कान

माझे काका मुंबईत सिनेमाच्या गाण्यांना डबल बेस वाजवायचे. व्हायोलिनच्याच जातीचं, पण माणसाहून उंच वाद्य. गाणं ऐकणाऱ्याला ते वेगळं कळतही नाही, पण काकांना ताप आला तर रेकॉर्डिंग पुढं ढकलत. पुढं इलेक्ट्रॉनिक वाद्यं आली, काम आटलं आणि ते नांदेडला परतले.

तिथं त्यांनी आधी स्वतःच्या मुलाला, आमच्या दादाला, शिकवायला घेतलं. स्वर जरा उतरला की तारांवर फिरवायच्या गजाची काठी बोटांवर बसायची. एका दिवाळीत सगळे नातेवाईक जमलेले असताना त्याला वाजवायला उभं केलं आणि मध्येच थांबवून म्हणाले, "कान न्हाईत याला. भोकं हायेत नुसती." लोक हसले. काकांनी गज माझ्या हातात दिला. दादानं त्यानंतर बेसला हात लावला नाही.

माझ्याही बोटांची सालं निघाली. रडले की म्हणायचे, "भायेर जाऊन रड. मला सूर ऐकू दे." पण शिकले. आज लातुरात मी संगीत शिकवते ते त्यांच्यामुळंच.

म्हातारपणी काकांना अर्धांगवायू झाला. उजवी बाजू गेली, वाचा गेली. काकू आधीच वारल्या होत्या. अंघोळ घालण्यापासून भरवण्यापर्यंत सगळं दादा करायचा. गल्लीत त्याचं कौतुक होतं.

एका दुपारी मी न कळवता गेले. दारातच बेसचा आवाज आला. दादा पलंगाजवळ स्टुलावर बसून एकेक तार छेडत होता. चारही तारा थोड्याथोड्या उतरवलेल्या, नेमक्या कानाला खुपतील इतक्याच. काकांनी चालत्या हातानं एक कान दाबून धरला होता. दुसरा उघडाच होता.

"दादा, काय करून राहिलास?"

"वाजवून राहिलो. रोज वाजवतो, त्यांचं जेवण झालं की."

"त्यांना लई त्रास होतो रे."

"व्हतो ना. त्यांना कान हायेत."

मी बेस ओढून घेतला, तारा लावल्या आणि सगळ्यात जाड तारेवर एक लांब स्वर काढला. काकांचा हात कानावरून खाली आला. डोळे भरले. दादानं स्वर संपू दिला, मग बेस घेतला आणि काकांच्या देखत चारही खुंट्या पुन्हा ढिल्या केल्या.

"लातूरला नेतीस का त्यांना?" त्यानं विचारलं.

"नेते. आजच नेते. काका, चला माझ्याकडं."

काकांनी दादाच्या सदऱ्याचं टोक मुठीत धरलं. मी हात पुढं केला तशी मूठ आणखीच आवळली. दादानं त्यांची बोटं हळूच सोडवली, तोंडावरची लाळ पुसली आणि परत स्टुलावर बसला.

त्यानंतरही मी त्यांना न्यायला गेले होते. ते आले नाहीत. पुढच्या उन्हाळ्यात त्याच पलंगावर गेले.