गाडीचं म्हणणं ऐकणारे काशिनाथअप्पा

काशिनाथअप्पा बोळेगावे यांना मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला त्यांचे फक्त पाय दिसले होते. बाकीचे अप्पा पाण्याच्या टँकरखाली होते.

भूकंपानंतरचे ते दिवस. औसा तालुक्यातलं आमचं गाव पडलं होतं आणि आम्ही रस्त्याकडेला पत्र्याच्या शेडमध्ये राहत होतो. त्या दिवशी टँकर वस्तीच्या अलीकडेच बंद पडला. लातूरहून मेकॅनिक आले आणि कुणाशी न बोलता खाली शिरले. थोड्या वेळानं बाहेर येऊन त्यांनी ड्रायव्हरला विचारलं, तर तो नुसत्या शिव्या घालत होता. मग अप्पा घागरी घेऊन उभ्या असलेल्या बायांकडे वळले. ‘‘बंद पडायच्या आधी गाडी काय म्हणून राहिली होती?’’

बाया पदर तोंडाला लावून हसायला लागल्या. माझी आजी भूकंपाच्या पहाटे गेली, तेव्हापासून आई कामापुरतंच बोलायची. पण टँकरची वाट सगळ्यात जास्त तिनंच पाहिलेली असायची. तिनं घागर खाली ठेवली आणि तोंडानं टँकरचा आवाज काढून दाखवला. आधी सावकाश टक् टक्, मग भराभर, मग एक मोठा खडाका आणि गप्प. सगळी वस्ती हसली. आईही हसली. अप्पा तेवढे हसले नाहीत. ‘‘क्रॉस गेला,’’ ते म्हणाले. इंजिनाची ताकद चाकापर्यंत नेणाऱ्या दांड्याचा तो सांधा. तो बदलला, टँकर हलला, पाणी आलं. मला आठवतं ते मात्र आईचं हसणं.

आज अप्पांची पंचाहत्तरी साजरी होते आहे, या गौरवग्रंथासाठी माझ्याकडून चार पानं मागितली गेली आहेत, आणि खरं सांगते, लिहायला बसल्यापासून काय आधी लिहू असं झालं आहे. इतका आनंद झाला आहे.

अप्पा मूळचे उदगीरचे. घरात कानडी, गॅरेजमध्ये मराठी आणि हट्टी बोल्टशी दखनी, अशी त्यांची वाटणी आहे. त्यांच्या हाताखाली तयार झालेल्यांची गॅरेजं आज उदगीर, कंधार, देगलूरला आहेत. या सगळ्यांनी उचललेला अप्पांचा नियम एकच: गिऱ्हाइकानं रोगाचं नाव सांगायचं नाही, आवाज सांगायचा. त्यामुळे लातुरातली भली भली माणसं मी अप्पांच्या दारात घुर्र, खर्र, चीं करताना पाहिली आहेत. एकदा एक नावाजलेले डॉक्टर गाडीतून उतरता उतरताच म्हणाले, सस्पेन्शन गेलंय. अप्पांनी हात पुसत विचारलं, ‘‘डॉक्टरसाहेब, पेशंट आल्या आल्या रोगाचं नाव सांगतो तेव्हा तुम्हाला कसं वाटतं?’’ डॉक्टर मोठ्यांदा हसले, आणि मग अगदी मन लावून त्यांनी आवाज काढला.

अप्पा नम्र वगैरे अजिबात नाहीत. ‘‘लातुरात कान दोनच, दोन्ही माझेच,’’ असं ते स्वतःच सांगतात. रागावतात, ओरडतात, चहा आला की विसरतात.

पुढे लातुरात क्लासेसचं पीक आलं. गॅरेजच्या दोन्ही बाजूंना होस्टेलं उभी राहिली, मेस निघाल्या, भिंतींवर पहिल्या आलेल्या मुलामुलींचे फोटो झळकले. मीही त्याच लाटेत शिकायला आले आणि फिजिक्स शिकवायला इथेच राहिले. शेजारच्या क्लासवाल्यांनी अप्पांना गॅरेज गावाबाहेर हलवा म्हणून सुचवलं. अप्पा हलले नाहीत. पण त्या वर्षापासून परीक्षेच्या मोसमात त्यांच्याकडे दुपारची ठोकाठोकी बंद झाली, ती आजतागायत. कुणी तक्रार केली की त्यांचं उत्तर ठरलेलं: ‘‘परीक्षा पोरांची हाय, गाडीची न्हाई. गाडी थांबंल.’’ गॅरेजच्या वरच्या मजल्यावरच्या खोल्यांत कंधार भागातली, दुसऱ्यांदा परीक्षेला बसणारी मुलं राहायची. त्यांना अप्पांच्या पत्नी निलावतीअक्कांच्या हातची गरम भाकरी मिळायची. त्यातले काही आज डॉक्टर आहेत आणि अप्पांसमोर तोंडानं आवाज काढतात.

आता माझ्या गाडीकडे येते. आमच्या क्लासच्या संस्थापक सरांनी नवी गाडी घेतली तेव्हा त्यांची जुनी मी घेतली. उंच, परदेशी बनावटीची, कातडी सीटांची, एके काळी गावानं वळून वळून पाहिलेली आलिशान गाडी. आईनं तिच्याभोवती एक फेरी मारली आणि एवढंच विचारलं, ‘‘वर पत्राच हाय ना?’’ स्लॅबवर आणि दगडावर तिचा विश्वास उरलेला नाही. पत्रा आहे म्हटल्यावर ती बसायला तयार झाली.

भूकंपाच्या भागातल्या वाचकांना एक गोष्ट सांगायला नको, इतरांसाठी सांगते. शेडमध्ये राहताना आम्ही उशाशी तांब्यावर पेला पालथा ठेवून झोपायचो. जमीन हलली की पेला वाजतो आणि माणसं जागी होतात. पुढे बहुतेकांनी ते सोडलं. आईनं सोडलं नाही. प्रवासात तांब्या-पेला तिच्या मांडीवर असतो.

गाडी घेतली त्याच वर्षी माझ्या मुलीला नांदेडला मेडिकलला प्रवेश मिळाला. आमच्या घरातली पहिली डॉक्टर होणार होती ती. आईनं जाहीर केलं की नातीला होस्टेलात आपण स्वतः नेऊन सोडणार. सराव म्हणून आम्ही अहमदपूरपर्यंत जाऊन यायचं ठरवलं. गाव सुटलं, मी वेग घेतला, आणि मांडीवरचा पेला किणकिणायला लागला. आईचा चेहरा पांढरा पडला. थांबव म्हणाली. उतरली आणि रस्त्याकडेच्या शेतात जाऊन बसली. गाडीत पुन्हा बसेना. परतीला तिला एसटीनं आणावं लागलं.

थरथर मलाही कितीतरी दिवसांपासून जाणवत होती, सीटखालून, पायांतून वर येणारी. मी ती कुणाला सांगितली नव्हती. मला वाटायचं, ही गाडीतली नाही, ही त्या पहाटेची आहे, माझ्यात राहून गेलेली. आमच्याकडच्या माणसांना हे चटकन कळेल. आपण आधी स्वतःला तपासतो, मग भिंतीला.

एवढं मात्र अप्पांना सांगितलं की गाडी हादरते. ते गडबडीत होते, फाटकातूनच त्यांनी चाकांचं बॅलन्सिंग करून घ्यायला सांगितलं. करून घेतलं, फरक पडला नाही. मी पुन्हा गेले, आणि या वेळी आईचं शेतात जाऊन बसणंही सांगितलं. अप्पांनी हातातला पाना खाली ठेवला. मग म्हणाले, ‘‘मी सगळ्यांना आवाज विचारतो. तुम्हाला विचारलाच न्हाई. चूक झाली मॅडम.’’ आणि चपला घालून माझ्याबरोबर घरी आले.

आई ओट्यावर तांदूळ निवडत होती. अप्पांनी तिला ओळखलं नाही. तिनं त्यांना ओळखलं. त्यांनी विचारलं, ‘‘माय, गाडी काय म्हणून राहिली?’’ आई म्हणाली, ‘‘गाडी कशाला काय म्हणतीय? भुई म्हणतीय.’’ आणि तांब्या-पेला आणून दाखवला. अप्पांनी तो दोन्ही हातांत घेतला, पेला बोटानं हलवून पाहिला. असलं सुरेख यंत्र आपल्या गॅरेजात नाही म्हणाले, आणि आईला विनंती केली की ते घेऊन फक्त एकदा बसा. थांबव म्हणाल तिथं गाडी थांबेल.

ती बसली. मी चालवत होते, अप्पा मागे. नांदेड रस्त्याला लागलो. ‘‘दाबा,’’ अप्पा म्हणाले. मी वेग वाढवला. पेला वाजू लागला. आईनं डोळे मिटले. ‘‘आता पाय उचला.’’ मी ॲक्सिलरेटरवरून पाय काढला. पेला गप्प झाला. गाडी तशीच पळत होती. पुन्हा दाबायला सांगितलं, वाजला. पुन्हा उचलला, गप्प.

मग अप्पा पुढे वाकून म्हणाले, ‘‘माय, लेकीनं पाय उचलला म्हणून भुईची थरथर थांबत नसती. थांबती ती गाडीची.’’

आईनं डोळे उघडून पेल्याकडे पाहिलं. मग मला म्हणाली, ‘‘पुन्हा उचल बरं.’’ कितीदा उचलला ते मोजलं नाही. मागून फक्त अप्पांचं ‘‘हाव, बरोबर’’ ऐकू येत होतं. मला रस्ता धूसर दिसायला लागला होता, पण थरथरीची भीती मात्र कुठेच सापडत नव्हती.

पुढच्या डाव्या चाकाला ताकद पोचवणारा शाफ्ट झिजला होता. नवा हैदराबादहून मागवला, ट्रॅव्हल्सच्या डिकीतून आला. तो बसवतानाचा दिवस मला सणासारखा आठवतो. चाकाच्या मधला मोठा नट सैल करताना ब्रेक दाबून बसायचं काम अप्पांनी माझ्याकडे दिलं. आई खुर्ची टाकून समोर बसली. गाडी जॅकवर चढली, खाली टेकू लागले, चाक निघालं. जुना शाफ्ट बाहेर आला तो ग्रीसनं माखलेला, त्याचा रबरी बूट, म्हणजे सांध्यावरचं आवरण, फाटलेला. अप्पांनी आतल्या बाजूचा सांधा पुसून आईपुढे धरला. आत जिथं गुळगुळीत असायला हवं होतं, तिथं रोलर फिरून फिरून चर पडले होते. आईनं त्या चरातून बोट फिरवलं.

‘‘हेवढंच?’’

‘‘हेवढंच, माय.’’

नवा शाफ्ट आत सारताना अप्पांनी सगळ्यांना गप्प केलं. आतलं लॉक बसतं तेव्हा एकच बारीक आवाज येतो, तो ऐकल्याशिवाय ते पुढं जात नाहीत. आम्ही कान लावून होतो. ‘टक्’ झालं. अप्पांच्या आधी आई म्हणाली, ‘‘बसला.’’ अप्पांनी तिच्याकडे नीट पाहिलं. मग तिनं घागर नसतानाच तो जुना टँकरचा आवाज काढला, सुरुवातीपासून खडाक्यापर्यंत. अप्पा हातातला पाना घेऊन तसेच खाली बसले. ‘‘आरं देवा, टँकरवाल्या बाई,’’ म्हणाले, आणि तेव्हा जे हसायचं राहिलं होतं ते सगळं आता हसले.

नातीला सोडायला आम्ही तिघी गेलो. आई पुढे बसली होती. अहमदपूर गेलं, लोहा आलं, मांडीवरचा पेला एकदाही बोलला नाही. नांदेड जवळ आलं तशी तिनं पेला उचलून सुलटा केला, त्यात पाणी ओतलं आणि प्यायली. मग नातीला दिलं.

घरी तिच्या उशाशी पेला अजूनही पालथाच असतो, तेही सांगायला हवं. गाडीत मात्र सुलटा.

अप्पा, गाड्या जुन्या होतच राहणार, माणसंही. तुम्हाला भरपूर आयुष्य मिळो, गुडघे खाली बसू देवोत, आणि कान आहेत तसेच राहोत. आम्हाला तुमच्या दारात उभं राहून अजून पुष्कळ आवाज काढायचे आहेत. आईनं तर एक नवा तयारच ठेवला आहे. कसला, ते सांगत नाही. म्हणते, अप्पा ओळखतील.