अंगठा शेवटी उघडतो

सरांनी माझ्या तोंडाकडे पाहिलंच नाही. मी दारात उभी, डोळे भरलेले, कुणीतरी "या, बसा" म्हणेल या आशेवर, आणि हा गृहस्थ माझ्या हाताकडे बघत म्हणतो, "मूठ उघड." मी म्हटलं, उघडीच आहे. त्यांनी माझा हात उचलून माझ्याच नाकासमोर धरला. नखं तळव्यात रुतलेली आणि अंगठा चार बोटांच्या आत दडून बसलेला. "बोटं खोटं बोलतात. अंगठा बोलत नाही. तो शेवटी उघडतो. बस त्या सतरंजीवर. आणि रडायचं तर आत्ताच रडून घे, मग लादी पुसून टाक. फडकं दारामागे आहे."

मी रडले आणि खरोखर लादी पुसली. इतका पाणउतारा माझा सासरीही झाला नव्हता.

सर म्हणजे शाळेतून निवृत्त झालेले पी.टी.चे मास्तर. वसईत एका पिठाच्या गिरणीच्या वरच्या खोलीत त्यांचा वर्ग भरायचा. ज्यांना झोप येत नाही, ज्यांची छाती उगाच धडधडते, जे परीक्षेला बसले की कोरे होतात, अशा सगळ्यांना ते संमोहनाने आणि श्वासाने ताळ्यावर आणत. संमोहन कुठे शिकले, कुणाला ठाऊक नव्हतं. विचारलं तर म्हणायचे, "त्यात शिकायचं काय? तुम्ही स्वतःला रोज घाबरवता ना, बिनचूक, न कंटाळता? तेच उलटं करायचं."

माझी गोष्ट अशी, की आमच्या ह्यांनी नायगावला सोळाव्या मजल्यावर फ्लॅट घेतला. खाडी दिसते म्हणून. राहायला गेल्यावर थोड्याच दिवसांत वीज गेली आणि मी एकटी लिफ्टमध्ये अडकले. कुणीतरी बाहेर काढलं, पण त्यानंतर लिफ्टचं दार दिसलं की मी मागे फिरायचे. आधी जिने चढले. मग गुडघ्यांनी मान टाकली, आणि मी घराबाहेर पडणंच सोडलं. ऑफिसने एकदा समजून घेतलं, दोनदा घेतलं, मग स्पष्ट सांगितलं की पुढच्या महिन्याच्या पहिल्या सोमवारपासून यायचं, नाहीतर यायचंच नाही. घरचे सगळे मला फुलासारखं जपत होते. त्या जपण्याने मी अजूनच खचत होते, हे सांगणार कुणाला? शेवटी नोकरीपायी कण्हतकुंथत जिना उतरले आणि सरांचा वर्ग गाठला.

सरांना कुणाचं नाव लक्षात राहायचं नाही. ते माणसाला त्याच्या भीतीच्या नावानेच हाक मारत. मी "ए सोळावा मजला". सी.ए.ला बसणारी एक मुलगी होती, ती "ए परीक्षा". एक बँकेतले साहेब होते, चांगले टाय लावून यायचे, ते "ए झुरळ". पहिल्या दिवशी तळपायाची आग मस्तकात गेली. आठवड्याभरात आम्हीच एकमेकांना त्या नावांनी हाका मारून खिदळायला लागलो. ज्या भीतीच्या नुसत्या उच्चाराने घाम फुटायचा, तिच्या नावाने कुणी "ए, जरा सरक" म्हणायला लागलं की तिची काय पत राहते?

माझ्या आधी पाचूबंदरचा एक नाखवा यायचा. वादळात त्याची बोट उलटली होती, तेव्हापासून समुद्रावर गेला नव्हता. म्हणाला, "पानी दिसलं का छाती धडधडते, सर." सर म्हणाले, "मग भाजी वीक. कोथिंबिरीला छाती लागत नाही." तो उठून निघून गेला. दुसऱ्या दिवशी परत आला, सरांना चार शिव्या हासडल्या आणि सतरंजीवर आडवा झाला. पुढच्या मोसमात त्याची बोट पाण्यात होती. सरांच्या घरी त्याचे पापलेट यायचे, तो स्वतः कधी आला नाही. "माझं तोंड बघायची त्याला इच्छा नाही. बरा झाला म्हणायचा," सर तुकडी तोंडात टाकत म्हणाले.

आणि एवढ्या फटकळ माणसाचं संमोहन? ना मंद संगीत, ना उदबत्ती. भिंतीवर एक खिळा होता, त्याच्याकडे बघायचं. श्वास घ्यायचा थोडा, सोडायचा लांब. पायाच्या बोटांपासून एकेक अवयव सैल सोडायचा. सरांचा आवाज रेशन दुकानात नाव पुकारतात तसा, सपाट. "खाली गिरणी चालू आहे. ऐक. ती कुणासाठी थांबत नाही. तुझ्यासाठी पण नाही. पोटऱ्या सोड." गिरणीची ती घरघर लादीतून पाठीत शिरायची आणि माणूस कधी विरघळला त्याला कळायचं नाही. उठल्यावर केसांवर पिठाची पुटं. शेवटी सर येऊन प्रत्येकाचा अंगठा बघून जायचे.

सोमवार जवळ आला तसे सर आमच्या इमारतीत आले. खाली वॉचमन, दोन शेजारणी, शाळेची मुलं, आणि लिफ्टसमोर मी, दाराला धरून. "सर, मी मरेन हो आत."

"मर की," सर म्हणाले, सगळ्यांसमोर. "मरायचं तर वर जाऊन मर, इथे दार अडवू नकोस. लोकांना कामं आहेत."

असा संताप आला मला! मी आत शिरले आणि बटण असं दाबलं जसं काही त्यांचा डोळाच फोडते आहे. वर पोचेपर्यंत मनात त्यांचा उद्धार चालला होता. दार उघडल्यावर लक्षात आलं, घाबरायचं राहूनच गेलं. सर जिन्याने आले, कितीतरी वेळाने, चेहरा काळानिळा. "लिफ्टने का नाही आलात?" मी विचारलं. "तुझ्यासोबत आलो असतो तर माझ्या जिवावर आली असतीस." पाणी प्यायले, आणि उतरायला परत जिनाच धरला. मला वाटलं, काय हा हट्टी म्हातारा.

नोकरी वाचली. वर्ग सुटला. मग तीनेक वर्षांनी एका सकाळी सरांच्या बायकोचा, काकूंचा, फोन आला. "हॉस्पिटलमध्ये ये गं. ऐकत नाहीत."

सर व्हीलचेअरवर होते, लिफ्टच्या दारापासून लांब, भिंतीला टेकून. हृदयाचा झटका येऊन गेला होता, उपचार चौथ्या मजल्यावर, आणि वेळ थोडा. जिना चढले तर पायरीवरच संपतील, जबरदस्तीने लिफ्टमध्ये ढकललं तर हृदयाला झेपणार नाही, आणि या अवस्थेत झोपेचं इंजेक्शन देता येणार नाही, असं डॉक्टर सांगत होते. मुलगा हात जोडून "बाबा, प्लीज" म्हणत होता. मला बघून सर म्हणाले, "सोळावा मजला, तू कशाला तडमडलीस? जिना कुठे आहे ते विचार त्यांना."

त्यांनीच शिकवल्याप्रमाणे मी तोंडाकडे न बघता हाताकडे पाहिलं. दोन्ही मुठी घट्ट, अंगठे आत. तेव्हा मला ते सोळा मजले कळले. हा माणूस जन्मात कधी लिफ्टमध्ये चढला नव्हता. "लिफ्टला का घाबरतात, ते मलाही कधी सांगितलं नाही," काकू माझी नजर ओळखून पुटपुटल्या.

मी वाकून मऊ आवाजात सुरुवात केली, "सर, श्वास हळूहळू सोडा…"

"भजनाला बसलीयेस काय?"

मग मी उभी राहिले. "सर, मरायचं तर वर जाऊन मरा, इथे दार अडवू नका. लोकांना कामं आहेत."

मुलगा माझ्या अंगावर धावून आला. काकूंनी त्याचा दंड धरला. आणि सर हसले. त्या निळ्या ओठांनी चक्क हसले. "आवाज खाली घे. बाजारात उभी आहेस काय?" म्हणाले, आणि मानेने लिफ्ट दाखवली.

आत मी, वॉर्डबॉय आणि सर. त्यांचा हात माझ्या हातात. "खाली गिरणी चालू आहे. ऐका. ती तुमच्यासाठी पण थांबत नाही. पोटऱ्या सोडा." करंगळी सुटली, मग बाकीची बोटं, एकेक. त्यांनी डोळे मिटले. चौथा मजला आला, दार उघडलं आणि त्यांना आत नेलं.

सर परत आले नाहीत.

मुलाने मला तेराव्याला बोलावलं नाही. "बाबांनी शेवटचं काय ऐकलं ते तुम्हाला माहीत आहे," एवढंच म्हणाला. त्याच्या जागी मीही तेच म्हटलं असतं. पण मला लाज वाटत नाही. दुसऱ्या कुठल्याच शब्दांनी ते दार ओलांडलं नसतं.

परवा काकूंचा फोन आला. इकडचं तिकडचं बोलल्या, गिरणी बंद झाल्याचं सांगितलं. मग म्हणाल्या, "तू होतीस ना आत त्यांच्याजवळ. अंगठा उघडला होता का गं?"

हो म्हणणं किती सोपं होतं. पण सरांच्या माणसाशी बोलत होते मी. "नाही, काकू. चार बोटं उघडली. अंगठा नाही."

"वाटलंच मला," काकू म्हणाल्या. "लग्न झाल्यापासून तसाच, झोपेतसुद्धा. मी रोज रात्री सोडवून ठेवायचे गं. सकाळी बघावं तर परत आत."