रूपाली पुन्हा नांदायला गेली

परतूरच्या रूपालीला जन्मात एकदाच कुणी गप्प बसवलं, ते व्हिसाच्या काचेमागच्या साहेबानं. एरवी बाई म्हणजे लवंगी मिरची. तोंडाला तोंड देणाऱ्यांत तिचा नंबर पहिला, आणि तिला त्याची लाजबीज काही नाही.

साहेबाचा देश कोणता ते सांगत नाही. उद्या मलाच तिकडं जायची पाळी आली तर उगाच वाकडं कोण घेणार! लुकास त्याच देशाचा आणि रूपालीचं लग्न त्याच्याशी ठरलेलं, एवढं कळलं तरी पुरे.

जालना म्हणजे बियाण्यांचा मुलूख. रूपाली इथल्या एका शेडनेटमध्ये मुकादम. टोमॅटोच्या एका फुलाचा पराग काढून दुसऱ्या फुलाला लावायचा, हे काम बायका हातानं करतात, आणि त्या बायकांवर हिचं लक्ष. लुकास बियाणं तपासायला आल्ता. पहिल्याच दिवशी चिखलाच्या बुटांनी शेडमध्ये शिरला, तशी ही कडाडली, "ओ पाव्हणं, बाहेर! आधी पाय धुवा!" त्याला शब्द कळले नाहीत, पण आवाज कळला. निमूट पाय धुवून आला. पुढच्या वर्षी कंपनीचं काहीच काम नसताना आला, तेव्हा बायका काय समजायचं ते समजल्या. रूपालीच्या बापानं, पुंजारामनं, त्याला एकच विचारलं, "माझ्या पोरीला उलटून बोलशील का?" लुकास म्हणाला, तेवढी हिंमत नाही. झालं, ठरलं.

व्हिसा मागायचा तो होणाऱ्या नवरीचा. तिकडं जायचं आणि तिथं लग्न लावायचं. लग्नापुरतं विमान कोण करणार, इथंच बार उडवू, असं आधी वाटलं होतं. पण लुकासची म्हातारी आई अंथरुणाला खिळलेली, तिला लेकाचं लग्न डोळ्यांनी बघायचं होतं. मंग रूपाली मुंबईला गेली, नवी साडी नेसून, फायलीत सगळे फोटो लावून.

"आधी लग्न झालंय?" साहेबानं विचारलं. शेजारी मराठी सांगणारी बाई होती.

"झाल्तं. मोडलं."

"कसं मोडलं?"

"काडी मोडून."

साहेबानं मान वर केली. "कसली काडी?"

"तुरीची. पाच पंचांसमोर. अर्धी माझ्या हातात, अर्धी त्याच्या. मोडली की तू मोकळा, मी मोकळी."

"आणि कोर्ट?"

"कोर्ट कशाला? पंच होते की!"

तिला यात खोटं बोलण्यासारखं काही दिसलंच नव्हतं. आपल्याकडं अशीच फारकत होत आली. काडी मोडली की कुणी मागं वळून बघत नाही. तिचा पहिला नवरा, वडीगोद्रीचा मच्छिंद्र, यानं तर वर्षाच्या आत दुसरी केली, तीही वाजतगाजत. साहेबानं फाईल मिटली. आमच्या हिशेबानं तुम्ही अजून पहिल्या नवऱ्याच्या बायको आहात, म्हणाला. वर्षभरात कोर्टाचा हुकूम आणा, नाहीतर अर्ज बंद.

तेव्हा रूपाली गप्प झाली. परतीच्या वाटेवर तिला रडू आलं नाही, संताप आला. मूल होत नाही म्हणून तीन वर्षांत जिला उंबऱ्याबाहेर काढलं, जी दहा वर्षं स्वतःच्या हिमतीवर जगली, ती कागदावर अजून मच्छिंद्रचीच!

जालन्याच्या वकीलबाई म्हणाल्या, रीत खरी, पण ती कोर्टात शाबीत करायला वर्षं जातील. सोपा मार्ग म्हणजे दोघांनी मिळून अर्ज करायचा. मच्छिंद्रची सही आणि हजेरी, बस.

तिनं मच्छिंद्रला फोन केला. नीट बोलली, बिचारीनं जिभेला गाठ मारून घेतली होती. तो म्हणाला, "काडी मोडली ना? मंग आता कोर्ट कशाला? मी कोर्टाची पायरी चढणार न्हाई." आणि हसून वर म्हणतो, "गोरा पाहिजे व्हय तुला? बस मंग वाट बघत!"

त्या पाच पंचांपैकी तातेरावांकडं गेली. म्हातारा सुपारी कातरत बसलेला. "पोरी, आपली रीत काय कमी हाय का? कोर्टात जाऊन पंचांची अब्रू घालवू नको."

"काका, तुमची अब्रू तुमच्यापाशी बराबर हाय. माझा संसार अडकून बसलाय, त्याचं बोला!"

तातेराव पुन्हा सुपारी कातरायला लागले. घरी आली तर पुंजाराम म्हणतो, "जाऊ दे बाई. नशिबात नसंल."

"आबा, नशिबाचं नाव काढू नका! काडी नशिबानं न्हाई मोडली, तुम्ही बाप्यांनी बसून मोडली. मला कुणी इचारलं तरी का?"

पुंजारामनं मान खाली घातली. त्याला खरंच कुणी बोलू दिलं नव्हतं तेव्हा, पण ते आता सांगून काय उपयोग? रूपाली बराच वेळ भांडी आपटत राहिली. मंग एकदम थांबली, आणि माळ्यावरची लोखंडी पेटी खाली ओढली.

"कुठं निघालीस?"

"नांदायला. साहेब म्हणतो मी मच्छिंद्रची बायको. मंग नवऱ्याच्या घरी नको का जायला?"

परतूरहून घनसावंगी, तिथून वडीगोद्री. जीपवाल्यानं पेटी टपावर टाकताना विचारलं, मावशी, कुठं? सासरी, म्हणाली.

मच्छिंद्रचं टायरचं दुकान हायवेला लागून, मागं घर. दुपारची वेळ, दुकानासमोर दोन ट्रक उभे. रूपालीनं पेटी दुकानाच्या पायरीवर ठेवली, डोक्यावर पदर घेतला आणि ज्याचं नाव दहा वर्षं अरेतुरेनंच घेतलं त्याला गोड आवाजात म्हणाली, "अहो, आले बघा मी! घरात घ्या ना."

मच्छिंद्रच्या हातातला पाना खाली पडला. "येडी झालीस काय?"

"येडी कशी? सरकारनं सांगितलं, मी तुमची लग्नाची बायको. तुम्ही तर कोर्टात येत न्हाई म्हणता. म्हणजे तुम्हाला मी पाहिजेच हाय! सरका, माझी खाट कुठं टाकायची ते दाखवा."

ट्रकवाले चहा सोडून जवळ आले. आतून सासू, गोजरबाई, धावत आली. "अगं ए, काडी मोडलीय तुझी!"

"आत्याबाई, त्या काडीला कुणी इचारत न्हाई. मीपण तुमच्यासारखीच फसले. पाया पडू का?" आणि खरंच वाकली.

इतक्यात भावना दारात आली. मच्छिंद्रची दुसरी बायको, काखेत धाकटी पोर. तिला बघून रूपालीची सगळी मस्करी उतरली. हिचा काय गुन्हा! ती पुढं झाली, हळू आवाजात सगळं समजावलं. "भावना, तुझ्या संसारात मला एक वाटीसुदा नको. पण तो सही करंना. जोवर माझं मोडत न्हाई तोवर कागदावर तुझं लागलेलंच न्हाई गं. उद्या याला काही झालं, तर दुकानावर, घरावर तुला कोण दाद देईल? हे माझ्याइतकंच तुझ्यासाठी हाय."

भावनानं पोर गोजरबाईच्या हातात दिली आणि नवऱ्याकडं वळली. वडीगोद्रीत तिचा आवाज कुणी ऐकला नव्हता, तो त्या दिवशी हायवेच्या पलीकडं गेला. "कोर्टात कधी जायचं ते बोला! न्हाई गेलात तर ही राहील इथं, आणि मी पोरं घेऊन जाईन माहेरी!"

"अगं पण लोकं—"

"लोकं बघून राह्यलेतच! बोला!"

"येतो," मच्छिंद्र म्हणाला. कुणाकडं न बघता दोनदा म्हणाला.

जीप आली तेव्हा पेटी चढवायला भावनानं एका बाजूनं कडी धरली, आणि तिचा हातच खाली गेला. "ताई, ही तर खरंच भरलेली हाय!"

"मंग? रिकामी पेटी घेऊन कुणी नांदायला येतं का?"

कोर्टात मच्छिंद्र वेळेवर आला. भावना सोबत होती, तिनंच आणला म्हणा ना. तातेरावही आले, मागच्या बाकावर बसले, आणि निघताना रूपालीच्या डोक्यावर हात ठेवून गेले. वर्ष सरायच्या आत हुकूम हातात आला.

मुंबईला काचेमागं योगायोगानं तोच साहेब. हुकूम वाचून झाल्यावर त्यानं पुन्हा तेच विचारलं, पहिलं लग्न कसं मोडलं. रूपाली या वेळी गप्प बसली नाही.

"आधी काडीनं, मंग कोर्टानं. दोन-दोनदा मोडून झालं साहेब. आता एकदा जोडू द्या."

शेजारच्या बाईनं ते त्याच्या भाषेत सांगितलं. साहेब हसला, आणि शिक्का मारला.