गिटार माझ्याकडे, खोका त्याच्याकडे

त्या माणसाचं तोंड पाहायची मला आजही इच्छा होत नाही. भिलाईत आमच्या दोन क्वार्टरांमध्ये एकच भिंत होती. तो शिंकला तरी मला ऐकू यायचं. तरी पाच वर्षं, एक वेळ सोडली तर, आम्ही एकमेकांशी बोललो नाही. त्या पाच वर्षांत एक विजेची गिटार माझ्या घरात होती आणि ती ज्यातून वाजायची तो अ‍ॅम्प्लिफायर त्याच्या घरात. अ‍ॅम्प्लिफायरशिवाय गिटारीचा काही उपयोग नव्हता. मी देणार नव्हतो, तोही देणार नव्हता.

मी भंडाऱ्याकडचा. घरचे सगळे बौद्ध झालेले. पोलादाचा प्लँट उभा राहत होता तेव्हा इलेक्ट्रिशियन म्हणून लागलो. जळालेल्या मोटारी उघडायच्या, तार गुंडाळायची, पुन्हा चालू करायच्या, हे माझं काम. तो दुर्गचा. त्याचं घराणं तीन-चार पिढ्यांपासून तिथलं. मराठी बोलायचे, पण निम्मी हिंदी. तो क्रेन चालवायचा. सुट्टीत आम्ही एकाच डब्यातून जेवायचो. त्याचा गळा चांगला होता, आणि माझे हात तारेचे होतेच.

दुर्ग स्टेशनवरचा एक अँग्लो-इंडियन गार्ड नोकरी सोडून परदेशी निघाला होता. त्याची गिटार आणि अ‍ॅम्प्लिफायर आम्ही दोघांनी मिळून घेतला. गिटार हवाईयन, म्हणजे मांडीवर आडवी ठेवायची आणि लोखंडी कांडी तारांवरून सरकवायची. आतून पोकळ नव्हती, जाड फळीसारखी भरीव होती. युद्धाच्या काळात गार्डानं ती कलकत्त्यात एका गोऱ्या सैनिकाकडून घेतली होती. रंग उडाला होता आणि टोकाशी सिगारेटचा जुना डाग होता. अ‍ॅम्प्लिफायर म्हणजे कापडानं मढवलेला लाकडी खोका, आत काचेचे व्हॉल्व्ह. बटण दाबलं की लगेच आवाज येत नसे. व्हॉल्व्ह हळूहळू लाल व्हायचे, गरम धुळीचा वास यायचा, मग बारीक गुणगुण सुरू व्हायची. गार्डानं तीन रविवार मला शिकवलं आणि तो निघून गेला. त्या खोक्याला दोन खाचा होत्या. एकीत माझी गिटार, दुसरीत त्याचा माइक. वर्षभर आम्ही सेक्टरमधल्या सगळ्या कार्यक्रमांत एकत्र वाजवलं.

मग दुर्गला त्याच्या मोहल्ल्यातल्या गणपतीत कार्यक्रम ठरला. मंडपात त्याचे काका, आत्या, शेजारी सगळे पुढे बसलेले. तो माइकवर उभा राहिला आणि माझी ओळख करून दिली. नाव माझंच सांगितलं. आडनाव सांगितलं ते माझं नव्हतं. ज्यांचं ते आडनाव असतं त्यांच्या पंगतीत आमच्या बापजाद्यांना कोणी बसू दिलं नव्हतं.

मी वाजवलं. का वाजवलं, हे मला आजही सांगता येत नाही. लोकांनी टाळ्या वाजवल्या. कार्यक्रम संपल्यावर मंडपाच्या मागे त्याला धरलं.

"माझं आडनाव कावून बदललं तू?"

"अरे यार, समझ ना," तो हळू आवाजात म्हणाला. "समोर काका बसले होते. खरं सांगितलं असतं तर लोकं शंभर गोष्टी विचारत बसले असते. तुझ्याच भल्यासाठी केलं."

"माझ्या बापाचं नाव तुले सांगाले लाज वाटली?"

"बात को मत बढ़ा. चल, जेवायला चल."

"कोणत्या नावानं जेवू?"

तेवढ्यात त्याची आई आली. तिनं मला त्याच खोट्या आडनावानं हाक मारली, प्रेमानं, आणि म्हणाली, "चला भाऊ, पानं मांडली." मी त्याच्याकडे पाहिलं. एक शब्द बोलला असता तर मी त्याला तिथंच माफ केलं असतं. तो चपलेनं माती उकरत राहिला. मी गिटार काखेत मारली, सायकलच्या कॅरिअरला बांधली आणि भिलाईला परत आलो. खोका मंडपातच राहिला.

दुसऱ्या दिवशी तो खोका घरी घेऊन आला तेव्हा मी परसातल्या भिंतीवरून म्हणालो, "खोका दे." तो म्हणाला, "गिटार दे, मग खोका ने. मी पण अर्धा मालक आहे." त्यानंतर आमचं बोलणं बंद झालं.

भरीव गिटार विजेशिवाय वाजत नाही, नुसती कुरकुरते. मी तिचं टोक लोखंडी पेटीच्या झाकणाला टेकवायचो. मग पत्रा थोडा थरथरायचा आणि तेवढ्या आवाजावर मी सराव करायचो. ड्यूटीवरून आलो की आधी हात धुवायचो आणि मऊ फडक्यानं एकेक तार पुसायचो. प्लँटची लाल धूळ खिडक्या बंद करूनही आत यायची, म्हणून जुन्या लुगड्याची खोळ शिवून घेतली होती. तारा कलकत्त्याहून पोस्टानं मागवायचो. बायको चिडायची.

"अर्ध्या बाजाची सेवा करून राहिले तुमी," ती म्हणायची. "देऊन टाका, नाहीतर घेऊन या. बंद करा हे एकदाचं."

तिचं आणि त्याच्या बायकोचं चांगलं होतं. वाट्या इकडून तिकडे जायच्या. आम्ही दोघं पुरुष मात्र नळावर समोरासमोर आलो तरी बादलीकडे पाहायचो.

तो मात्र खोका माइकसाठी वापरायचा. भिंतीतून मला त्याचा आवाज यायचा. दुसऱ्या वर्षी त्या गुणगुणीत एक जाड घरघर मिसळली. मला लगेच कळलं की आतला कंडेन्सर गेला. तासाभराचं काम होतं. मी चहा घेऊन भिंतीला टेकून बसायचो आणि ती घरघर वाढत जाताना ऐकायचो. मला बरं वाटायचं, हे मी लपवणार नाही. पण एक दिवस बायकोनं येऊन सांगितलं की खोका त्यानं व्हरांड्यात ठेवलाय आणि त्यावर ओले कपडे टाकतात. त्या दिवशी मला जेवण गेलं नाही.

चौथ्या वर्षी त्याच्या क्रेनची मोटार जळाली आणि मला वर पाठवलं. क्रेनची केबिन म्हणजे दोन माणसांची जागा. मी झाकण उघडून काम करत होतो, तो मागे उभा होता. मग तोच म्हणाला, "किती दिवस चालवायचं हे? माझं चुकलं. बस?"

मी स्क्रू काढत राहिलो.

"चुकलं म्हणतो ना यार. गिटार घेऊन ये, पुन्हा वाजवू."

"खाली सगळे उभे आहेत," मी म्हणालो. "इथून मोठ्यानं माझं आडनाव सांग."

"आत्ता? इथं?" तो हसला. "सब जानते हैं तेरा आडनाव."

"मंग सांगाले काय होते?"

त्यानं खाली पाहिलं. खाली त्याचा फोरमन होता, दुर्गचे दोन ओळखीचे होते. मग तो मागे सरला आणि क्रेनचे दांडे पुसायला लागला. मी मोटार जोडली, झाकण बसवलं आणि शिडीवरून उतरलो.

पुढच्या वर्षी त्याला दुसऱ्या सेक्टरमध्ये क्वार्टर मिळालं. तो गेल्यावर बायकोकडून कळलं की जाता जाता त्यानं खोका दुर्गच्या एका मंडपवाल्याला विकला. मला विचारलंही नाही. मी सुट्टी टाकून दुर्गला गेलो. मंडपवाल्याच्या गोदामात खोका बांबूंखाली पडला होता. "ये तो सिर्फ गुर्राता है," तो म्हणाला आणि मी पहिल्यांदा मागितला तेव्हाच देऊन टाकला. कापड फाटलेलं, आत उंदरानं घर केलेलं, स्पीकरच्या कागदाला बोटभर भोक.

दुरुस्तीला दोन महिने लागले. कंडेन्सर बदलले. एक व्हॉल्व्ह नागपूरहून आणला. स्पीकरच्या भोकावर टीपकागद सरसानं चिकटवला. खालच्या फळीवर त्यानं चाकूनं स्वतःचं नाव कोरलं होतं, ते मी रंधा मारून काढलं.

एका रविवारी दुपारी गिटार जोडली. व्हॉल्व्ह लाल झाले. बायको पिठाचे हात घेऊन स्वयंपाकघरातून आली आणि दारात उभी राहिली. मी कांडी सरकवली आणि मला माझा आवाज ऐकू आला. तो बेसूर होता. पाच वर्षं पत्र्याच्या कुरकुरीवर सराव केल्यामुळे माझा हात प्रत्येक सुराच्या किंचित पुढे जात होता, आणि इतके दिवस ते मला कळलंच नव्हतं. बायको परत आत गेली. मला वाटलं होतं की खोका परत आला की राग उतरेल. तो आणखी चढला. त्यानं माझी पाच वर्षं नेली आणि वर माझा हातही बिघडवला.

हात सुधारायला वर्ष गेलं. मग एप्रिलमध्ये आमच्या लोकांनी मैदानात जयंती केली, तिथं वाजवलं. पुढेही वाजवत राहिलो. त्या खोक्याचे व्हॉल्व्ह मी किती वेळा बदलले याचा हिशेब नाही. गिटारीवरचा सिगारेटचा डाग अजून आहे.

रिटायर झाल्यावर एकदा दुर्ग स्टेशनवर तो दिसला. काठी टेकत आला.

"ऐकलं, खोका तुझ्याकडे आहे," तो म्हणाला. "वाजतो?"

"वाजतो."

"एक बार ऐकायला येऊ?"

"नको," मी म्हणालो.

तो प्लॅटफॉर्मच्या दुसऱ्या टोकाला जाऊन बसला. घरी आल्यावर बायकोला सांगितलं.

"येऊ द्याचं होतं," ती म्हणाली. "मातारा झाला तो."

"मीबी झालो," मी म्हणालो.