पालथा हात, उताणा हात

हात आधी पालथा करायचा, मग उताणा. चाचांना ॲम्प्लिफायरबद्दल काहीही विचारा, उत्तर तिथूनच सुरू व्हायचं. "एक ट्रान्झिस्टर लागला, लाट उलटी. वर जायची ती खाली. दुसरा लागला, परत सुलटी. हिसाब साधा हे, सर."

द्वारका चौकाजवळचं त्यांचं टपरीएवढं दुकान तुम्हीही पाहिलं असेल. बोर्ड नव्हता, मांडववाल्यांची गर्दी मात्र कायम. दुरुस्ती झाली की दोन स्पीकर लावून चाचा मधोमध उभे राहायचे, डोळे मिटायचे आणि ऐकायचे. त्याशिवाय मशीन बाहेर जात नसे. गिऱ्हाईक घाई करू लागलं तर म्हणायचे, "नवरदेव थांबेल."

मी गणिताचा मास्तर, पण कॉलनीतल्या बुद्धविहाराचा सेक्रेटरी, म्हणून तिथल्या वायरी माझ्या गळ्यात. एकदा चाचांनी उजव्या बाजूचं मशीन दुरुस्त करून आणलं, जोडलं, मधे उभे राहिले आणि म्हणाले, "एक नंबर."

वंदनेचा आवाज कडेला भरदार होता आणि मधे अगदी पोकळ.

"चाचा, मधे गडबड आहे."

"मला तर बरोबर वाटतंय."

मी त्यांच्या डावीकडे जाऊन पुन्हा बोललो. त्यांना ऐकूच आलं नाही. तेव्हा कळलं, तो कान गेलाय.

मी समोर जाऊन सांगितलं, तेव्हा ते बोटांवर मोजू लागले. डाव्या मशीनमध्ये दोन ट्रान्झिस्टर. उजव्यात जळालेल्या दोघांच्या जागी त्यांनी एकच दणकट बसवलेला. म्हणजे एक स्पीकर पुढे ढकलायचा तेव्हा दुसरा मागे ओढायचा, आणि मधे दोघं एकमेकांना खायचे. एका स्पीकरच्या वायरी त्यांनी अदलाबदल केल्या. आवाज भरला.

"सर, मांडववाल्यांना कळलं तर दुकान बंद."

दुसऱ्या दिवसापासून शाळा सुटली की मी दुकानात. मधे आम्ही दोघं उभे. चाचांचे डोळे मिटलेले, एक किंचित किलकिला, माझ्या हातावर. हात पालथा झाला की ते वायरी फिरवायचे, उताणा झाला की गिऱ्हाइकाला म्हणायचे, "ले जाव." तीन वर्षं हे चाललं. कुणाला कळलं नाही. बायकोला वाटायचं मी शिकवण्या घेतो.

गेल्या हिवाळ्यात चाचा वारले. आता सिन्नरचा एक जण विहारात येतो, मोबाइलवर बघून सगळं लावतो. परवा मी मधे उभा राहिलो. आवाज चांगला होता. माझा हात उताणा झाला.

"सर, काही पाहिजे का?"

"नाही," म्हणालो. चाचा पाहिजे होते. हात खिशात घातला.