अण्णांचा ग्रंथ, आईचे गुरुजी

आमच्या घराच्या भिंतीवर दोनच तसबिरी होत्या. एक तथागतांची आणि एक कोटातली. तिसरी लागणार नाही, असा अण्णांचा, म्हणजे माझ्या वडिलांचा दंडक होता. कॅलेंडरसुद्धा स्वयंपाकघराच्या दाराआड टांगलेलं असायचं, कारण त्यावर कधी कुठला बुवा छापून येईल याचा भरवसा नव्हता.

आणि खरंच नव्हता. नव्वदच्या दशकात आमच्या जुन्नर तालुक्यात घरागणिक एकेक गुरू झाला होता. कुणाचे पांढऱ्या कपड्यांतले, कुणाचे भगव्या, कुणाच्या गुरू म्हणजे एक ताईच होत्या आणि त्या म्हणे नुसतं बघूनच माणसाचा राग काढून घेत. मैत्रिणीच्या घरी गेले की मी आधी देवघराकडे बघायची, नवीन कोण आलंय ते. नारायणगावच्या स्टँडवर बारावीच्या गाईडांना लागून या सगळ्यांची पुस्तकं लटकवलेली असत. मी तेव्हा अकरावीत होते आणि हाताला लागेल ते वाचत होते. उसनी आणलेली ती पुस्तकं मी चपात्या लाटता लाटता वाचत असे. प्रत्येकात मन शांत करायला सांगितलेलं असे. कसं करायचं हे मात्र बहुधा पुढच्या भागात असे, आणि पुढचा भाग मैत्रिणीकडे कधीच नसे.

एकदा अण्णांनी मला रंगेहाथ पकडलं. पुस्तक उलटंपालटं करून पाहिलं आणि म्हणाले, "ह्यो माणूस जिता हाय का?"

"हो. परदेशात असतात सध्या."

"मग त्येला म्हनावं, हितं ये आन् आमच्या विहिरीवर दोन दिस मोटर उचल. मंग बोलू मन शांत कसं ऱ्हातंय त्ये."

अण्णांचं खोडद फाट्याजवळ मोटर रिवाइंडिंगचं दुकान होतं. द्राक्षांच्या नि टोमॅटोच्या हंगामात विहिरींवरच्या जळालेल्या मोटरी रांगेने पडलेल्या असत. मोटर का बंद पडली हे अण्णा गिऱ्हाइकाकडून ऐकून घेत नसत. "खोलल्याबिगर कळत न्हाई," म्हणत आणि पाना उचलत. जे खोलून बघता येत नाही त्यावर त्यांचा विश्वास नव्हता. दुकानातून खोडदच्या रेडिओ दुर्बिणीच्या मोठ्या तबकड्या दिसत. त्या मात्र त्यांना फार आवडत. आभाळातलं ऐकतात आणि मधे बोलत नाहीत, ऐकावं तर असं, असं ते आम्हाला ऐकवत.

हा टोमणा आईसाठी असायचा. त्याचं कारण ग्रंथवाचनात होतं.

आमच्याकडे आषाढी पौर्णिमेपासून तीन महिने वर्षावास. रोज संध्याकाळी विहारात बुद्धांच्या जीवनावरचा ग्रंथ वाचला जातो. आमचा विहार म्हणजे पत्र्याची लांबट खोली. पाऊस लागला की वाचणाऱ्याला पत्र्याशी भांडत वाचावं लागे. अण्णांचा आवाज त्या भांडणात हरत नसे, म्हणून वाचनाचा मान वर्षानुवर्षं त्यांच्याकडे होता. पांढरा सदरा घालून ते बसत. ग्रंथ पांढऱ्या कापडात गुंडाळून घरून नेत आणि घरी आणत. त्यांचा नियम एकच होता. छापलंय ते वाचायचं, छापलं नाही ते वाचायचं नाही. एका वर्षी त्यांना ताप होता म्हणून शेजारच्या काकांनी वाचलं आणि राजवाड्याच्या वर्णनात आपल्या पदरचे चार हत्ती घातले. अण्णा अंथरुणातून उठून विहारात गेले होते, त्या काकांना ते हत्ती परत न्यायला सांगायला.

आई शाळेत गेली नव्हती. पण बायकांच्या रांगेत पुढे बसून ती ग्रंथ असा ऐके की अण्णांचं वाक्य संपायच्या आत तिची मान हले. फक्त एका पानावर ती अडायची. सिद्धार्थ झाडाखाली बसतो, ते पान. त्याच्यापुढे थोड्याच ओळींत ज्ञानप्राप्ती होते आणि प्रकरण संपतं. तिथे आई दरवर्षी विचारी, "पन बसून त्येंनी केलं काय?"

सगळ्यांसमोर, मोठ्याने. अण्णा चष्म्यावरून बघत आणि म्हणत, "जे हाय त्ये वाचलंय." आणि पुढचं प्रकरण सुरू.

घरी येतानाही तिचं चालूच असे. इतके दिवस बसला म्हणजे काहीतरी करतच असणार. नुसतं बसून कुणाला काय मिळतं? मला तिचा प्रश्न पटायचा. अण्णांना तो वाचनात घातलेला खोडा वाटायचा.

मग मावशी शिबिराला जाऊन आली. आईची ही धाकटी बहीण मंचरला दिलेली. ते दहा दिवसांचं मौनाचं शिबिर होतं, डोळे मिटून बसण्याचं. शिकवणारे गुरुजी हयात होते आणि त्यांची शिबिरं देशभर चालत. मावशी परत आली ती सासूशी भांडायचीच थांबली. त्या सासूलाच करमेना, असं मावशी हसत सांगत होती. आई मात्र हसली नाही. तिने एवढंच विचारलं, "बसून काय करायला सांगत्यात?"

"जाऊन बघ, आक्का. सांगून कळायचं न्हाई."

त्या संध्याकाळी आईने अण्णांच्या ताटात भाकरी वाढली आणि म्हणाली, "मी बी जानार."

अण्णांचा घास हातातच राहिला. माझ्या आजोबांनी धर्मांतरानंतर घरातले देव टोपलीत घालून कुकडी नदीत सोडले होते. भाऊबंद वाळीत टाकतील, विहिरीवर पाणी भरू देणार नाहीत, हे माहीत असून सोडले होते. ही गोष्ट अण्णा आम्हाला सारखी सांगत, आणि सांगताना त्यांचा आवाज बारीक होई. त्याच घरात आता कुणी गुरू करणार, हे त्यांना सोसवेना.

"त्यो गुरू जिता हाय," ते म्हणाले. "आज डोळं मिटायला सांगंल, उद्या पाया पडायला लावंल. परवा भितीवर फोटो. मंग मी कंच्या तोंडानं ग्रंथ वाचू? तू गुरू केलास तर मी वाचायचं सोडीन. बघ."

आई म्हणाली, "मला गुरू नकोच हाय. मला त्ये पान कळाया पायजे."

अण्णा ताटावरून उठले. मला त्या दोघांचाही राग आला होता, आणि भीतीही वाटली. अण्णा बोललेलं करत. त्यांनी वाचणं सोडलं असतं तर ते काय करत बसले असते, याची मला कल्पनाच करवत नव्हती. वर्षातले ते तीन महिने सोडले तर लोक त्यांना मोटरवाला म्हणूनच ओळखत.

मे महिना संपताना आई मावशीबरोबर गेली. गावात चर्चा एकच, ही दहा दिवस गप्प बसणार कशी. नळावरच्या बायका रोज मला विचारत, "आली का परत?" जणू तिला शाळेतून काढून घरी पाठवणार होते. घरात इतकी शांतता होती की शिबिर आमचंच चाललंय असं वाटे. अण्णांनी चहा स्वतः केला, तो उतू घालवला आणि दूध पातळ आलंय म्हणून गवळ्यावर खेकसले.

ती यायची त्या दिवशी अण्णा नारायणगावला तांब्याची तार आणायला निघाले. घरात तारेचं अख्खं भेंडोळं पडलेलं होतं. मी मुकाट्याने बरोबर गेले. एसटी लागली, आई उतरली. तोंडावर ऊन, पदर नीट, बाकी होती तशीच. अण्णांनी तिच्या हातातली पिशवी घेतली आणि तिचा अंदाज घेतला.

"लई हलकी हाय."

"खोलून बघा."

त्यांनी खरंच खोलली, भर स्टँडवर. दोन लुगडी, एक शाल, कंगवा. फोटो नव्हता. भांडणाची सगळी तयारी करून आलेल्या माणसाची फार पंचाईत होते. अण्णांनी पिशवी परत बांधली.

"गुरुजी दिसाया कसं हायेत?"

"दिसले न्हाईत. टेपवर बोलत व्हते."

अण्णा असे हसले की शेजारचा रसवाला वळून बघायला लागला. "जिता गुरू आन् टेपवर! आगं, मंग हिथंच टेप लावून दिला असता."

आई म्हणाली, "तुमचा ग्रंथ ज्येंनी लिवला, त्ये कुठं समोर येऊन बसत्यात?"

अण्णांनी पिशवी काखेत मारली आणि फाट्याची गाडी शोधायला लागले.

दुसऱ्या दिवसापासून आई पहाटे पडवीत घोंगडीवर डोळे मिटून बसायला लागली. तिचा राग काही गेला नव्हता. एके दिवशी बसून उठल्याउठल्या शेळीने खाल्लेल्या कोथिंबिरीवरून तिने अख्खी आळी डोक्यावर घेतली, तेव्हा नळावरच्या बायकांचा शिबिरावरचा विश्वासच उडाला. पण ती बसत होती. आणि अण्णांचं चित्त थाऱ्यावर नव्हतं. ते रेडिओ मोठा लावत, मग आपणच बारीक करत. पडवीतून उगाच दोनदा जात. एकदा तर तिच्या समोर उकिडवे बसून ते तिच्या मिटलेल्या पापण्यांकडे निरखून बघताना मी पाहिलं. जळकी मोटर बघावी तसं. फरक एवढाच की ही खोलता येत नव्हती.

"आत काय चालत आसंल गं हिच्या?" त्यांनी मला विचारलं.

मलाही तेच हवं होतं. मी आईला विचारलं. ती म्हणाली, "श्वास येतो, जातो. त्योच बघायचा." माझ्या उसन्या पुस्तकांच्या मानाने हे अगदीच फिकं होतं. मी जरा नाराजच झाले.

आषाढी पौर्णिमा आली. अण्णांनी ग्रंथ बाहेर काढला आणि कापड झटकलं, तेव्हा माझा जीव भांड्यात पडला. भिंतीवर दोनच तसबिरी होत्या आणि वाचन सुरू झालं.

ते पान आलं त्या संध्याकाळी पत्र्यावर पाऊस बेताचा होता. सिद्धार्थ झाडाखाली बसला. अण्णांनी ती ओळ वाचली आणि थांबले. आई कधी विचारते याची सगळे वाट बघत होते. आई गप्प होती. मग अण्णांनी चष्मा काढला आणि बायकांच्या रांगेकडे बघून म्हणाले, "तू जाऊन आलीस न्हवं? मंग सांग. बसल्यावर काय व्हतंय?"

विहारात असं कधी झालं नव्हतं. वाचन मधेच थांबवून अण्णा कुणाला काही विचारत होते, तेही आईला. तिने पदर सावरला. ती लाजलेली मी तेव्हाच पाहिली.

"मला काय म्हाईत मोठं," ती म्हणाली. "माजं तर गुडघं दुखलं. लई दुखलं. तिसऱ्या दिशी वाटलं, उठावं आन् घरी जावं." मग ग्रंथाकडे बघत, "त्येंचं बी दुखलंच असतील. मानूसच व्हते न्हवं त्ये."

भाताच्या चिखलात जन्म काढलेल्या एका म्हातारीने मागून दुजोरा दिला, "दुखत्यात बाई." आणि सगळ्या बायका एकदम बोलायला लागल्या, प्रत्येकीला आपापल्या गुडघ्यांविषयी सांगायचं होतं. अण्णांनी कुणाला गप्प केलं नाही. ते पानाकडे बघत राहिले. बुद्ध माणूस होते, देव नव्हते, हे ते आम्हाला जन्मभर शिकवत आले होते. पण त्या माणसाचे गुडघे त्यांच्या मनात कधी आले नव्हते, हे त्यांच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसत होतं. मला त्या वेळी अण्णांविषयी फार माया वाटली. का ते तेव्हा सांगता आलं नसतं.

पुढच्या वर्षी ते पान आलं, तेव्हा मी माझ्याच नादात होते. "...आणि तो झाडाखाली बसला," अण्णांनी वाचलं. "गुडघे दुखले, तरी बसला." आणि तसेच, त्याच आवाजात, पुढे गेले. मी दचकून आईकडे पाहिलं. ती नेहमीसारखी मान हलवत होती.

घरी आल्यावर मी कापड सोडून ते पान काढलं. ओळ नव्हती. मी अण्णांना म्हटलं, "हे यात कुठे आहे?" त्यांना मोटर बघायची होती. ते दुकानात निघून गेले.

नंतर दरवर्षी ते असंच वाचत राहिले. मी शिक्षिका झाले, तळेघरच्या बाजूला शाळा मिळाली, वर्षावासात जमेल तेव्हा घरी येत राहिले. दोन हजारच्या पुढे घराघरांत केबल आली आणि पहाटेपासून एकामागून एक गुरू हात वर करून बोलायला लागले. आई टीव्ही बंद करून पडवीत बसायची, पण आता खुर्चीवर, कारण तिचे गुडघे खरोखरच गेले होते. अण्णांचे डोळेही गेले होते. म्हणून एका वर्षी मी पुण्याहून ग्रंथाची मोठ्या अक्षरांची नवी प्रत आणली.

अण्णांनी ती दोन्ही हातांनी घेतली, मांडीवर ठेवली, आणि पहिल्या पानापासून न बघता सरळ ते प्रकरण काढलं. बोट एकेका ओळीवरून खाली नेलं. शेवटपर्यंत नेलं, परत वर आणलं. मग पडवीतल्या खुर्चीकडे वळून जरा मोठ्याने, आईला ऐकू जाईल असं म्हणाले, "आगं, ह्याच्यात बी छापायचं ऱ्हायलंय."