गालिचा, चिंगी आणि सुंभाचा ओंडका

थोरले दीर कुवेतहून आले आणि आमच्या रत्नागिरीच्या घरात, थेट ओटीवर, लालभडक गालिचा अंथरला गेला... ऐंशीच्या दशकातली गोष्ट. गल्फमधून माणूस आला की बाकीच्यांकडे टेपरेकॉर्डर यायचा, आमच्याकडे गालिचा! आळीतल्या बायका बघायला यायच्या त्या पाय धुऊन.

सगळ्यात जास्त आवडला तो आमच्या मांजरीला, चिंगीला. झोपून उठली की मस्त अंग ताणायचं आणि कोपऱ्यात नखं रोवून खर्र खर्र...

सासूबाईंचा जीव वरखाली. लेक दोन वर्षांनी घरी आलेला आणि त्यानं हौसेनं आणलेली वस्तू ही! वासानं मांजर फिरकणार नाही म्हणून त्यांनी कोपऱ्यावर कोकमाचं आगळ शिंपडलं. ओटीला सोलकढीचा वास यायला लागला आणि चिंगीनं दुसरा कोपरा धरला.

"मेलीला पोत्यात घाला नि बंदरावर सोडून या गो! मासे खाऊन जगेल तिथं." झालं, निकाल लागला.

मी म्हटलं, आई, थांबा. मांजर नखं घासणारच, आपण फक्त तिला दुसरी जागा द्यायची. माहेरी मांजरांतच वाढलेली मी, मला पक्की खात्री होती.

पोफळीचा ओंडका घेतला, त्याला सुंभ घट्ट गुंडाळला आणि मागीलदारी उभा केला. चिंगीनं ढुंकूनही पाहिलं नाही.

मग चूक लक्षात आली. आपल्याकडे मांजराचं सगळं मागीलदारी... दूधभाताची वाटी तिथं, माशांची डोकी तिथं. पण ही बाई झोपायची ओटीवर! उठल्यावर नखं घासायला ती मागीलदारी कशाला जाईल?

ओंडका उचलला आणि गालिच्याला खेटून ठेवला. "पाहुणे काय म्हणतील गो?" सासूबाई कुरकुरल्या. मी म्हटलं, फाटका गालिचा बघून काय म्हणतील?

दुसऱ्या दिवशी बाजारातून परत आले तर... सासूबाई ओटीवर फतकल मारून बसलेल्या आणि बोटं वाकवून स्वतःच सुंभ खरवडतायत! समोर चिंगी. "अशी गो बाय... अशी." हसू दाबताना माझी पुरेवाट झाली.

शिकवणी फळली हो! चिंगी उठली, आळस दिला आणि पहिल्यांदा सुंभाला भिडली. गालिच्याकडे पुन्हा वळली नाही.

महिन्याभरानं भाऊजी परत कुवेतला निघाले. आम्ही त्यांना एसटीत बसवून घरी आलो, तर सासूबाई गालिच्यावर बसून त्यावरून हात फिरवतायत. चिंगी मांडीत. त्यांना हसवायला म्हणून आमचे हे म्हणाले, "काय आई, पोतं आणू?"

"हात तर लाव तिला!" सासूबाईंनी चिंगीला जवळ ओढलं. "घर सोडून जाणारे काय कमी आहेत? ही तरी राहूदे."

त्या संध्याकाळी आईंच्या मांडीत ती होती, यासाठी मी चिंगीचे आजही आभार मानते...